वरवंट्याची कावीळ

गर्दी म्हणजे केवढी गर्दी! रेणापूरबाहेरच्या माळावर गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जीपा, टमटम, मोटारसायकली, चहाचा गाडा, भज्यांचा गाडा, नारळवाल्यांची रांग, आणि दोन वऱ्हाडांना पुरतील एवढ्या चपलांचा ढीग. त्या गर्दीत दर दुसऱ्या माणसाच्या अंगावर घेटुळीच्या काड्यांची माळ. कुणाची डोक्यावर मुकुटासारखी घट्ट बसलेली, कुणाची घसरून कानावर आलेली, कुणाची गळ्यात, कुणाची पार बेंबीला. दहावीचा निकाल विचारावा तसे लोक एकमेकांना विचारत होते.

"तुमची कुठवर आली?"

"हनुवटीला. तुमची?"

"छातीला लागली की! काल गळ्यात हुती."

"नशीबवान हाव बगा तुम्ही."

चमत्कार असा, की घेटुळीबाबा काविळीच्या रोग्याच्या डोक्यावर एवढीशी माळ बसवायचे आणि ती माळ दिवसागणिक आपोआप लांब व्हायची. कुणी ओढायची नाही, कुणी सोडायची नाही. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर, आणि एक दिवस पायातून निघून जमिनीवर पडली की कावीळही तिच्यासोबत गेली!

बाबा ओट्यावर बसून माईकवर बोलत होते. "ही घेटुळी साधी न्हाई, माय! कैलासावर पार्वतीमायला कावीळ झाली तवा भोळ्या शंकरानं जटेतनं हीच काडी काढली. देवांचे वैद्य हात जोडून उभे ऱ्हायले. म्हनले, देवा, आमचा इलाज संपला, आता तुझी काडी!"

आम्ही लिंगायत. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवाची पूजा. पण पार्वतीला कावीळ झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. कैलासावर पाणी एवढं घाण येतं हेही मला ठाऊक नव्हतं.

मी मल्लम्मा. रेणापूरच्या पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, अडुळसा, गुळवेल, सगळं मिळतं. उदगीरच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकले आणि लग्न होऊन थेट गल्ल्यावर बसले. तोंडाने फटकळ आहे, ते मी सांगायला नको, अख्खी पेठ सांगेल. घेटुळीशी माझं भांडण मुळीच नाही. शास्त्रात तिला पुनर्नवा म्हणतात. उन्हाळ्यात वाळून जाते आणि पाऊस पडला की त्याच मुळातून पुन्हा उगवते, म्हणून ते नाव. पावसाळ्यात आमच्याकडे तिच्या पाल्याची भाजी होते, लसूण घालून फार छान लागते. अंगावर सूज असली तर वैद्य तिच्या मुळाचा काढा देतात, काविळीतही देतात. पण तो पोटात द्यायचा, तोही माणूस बघून! भाकरी गळ्यात बांधून कुणाचं पोट भरलंय का आजवर?

मी त्या माळावर गेले होते ती कस्तुराला शोधायला. कस्तुराबाई माझी शेजारीण, जिवाभावाची मैत्रीण. तिची लेक दीपमाला बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला. जावई फौजेत, तिकडे बर्फात कुठेतरी, आठवड्यातून एकदा फोन लागला तर लागला. चार दिवस पोरीला अन्नावर वासना नव्हती आणि आज सकाळी डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. मला वाटलं कस्तुरा तिला दवाखान्यात घेऊन गेली असेल. कशाचं काय! रांगेतून पुढे घुसले तेव्हा बाबा दीपमालाच्या डोक्यावर माळ बसवत होते.

"कस्तुरे! अगं, गरोदर पोर आहे. दवाखान्यात न्यायचं सोडून इथं काय करतेस?"

"हळू बोल अक्का, बाबा ऐकतेत." कस्तुराने माझा दंड धरला. "आपल्या गल्लीतल्या गुणाबाईची कावीळ आठ दिवसांत पायाखाली गेली. माझ्या डोळ्यानं बघितलंय मी."

बाबांनी ऐकलंच होतं. माझ्याकडे न बघता ते माईकमधून म्हणाले, "माळ अंगावर असताना सुई न्हाई, गोळी न्हाई, दवाखाना न्हाई! न्हाईतर माळ उलटती. पोटुशीची माळ उलटली तर लेकरू जातं. मग मला बोल लावू नका."

हे ऐकून कस्तुराचा चेहराच उतरला. दीपमालाने पोटावर हात ठेवला. असा संताप आला मला! आजाऱ्याला बरं करतो म्हणणारा लबाड मी समजू शकते, पोटापाण्यासाठी माणूस काहीही करतो. पण भेदरलेल्या बाईला न जन्मलेल्या लेकराची भीती घालणारा? त्याला कोणत्या नरकात घालावं ते आमच्या शिवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर धम्मप्रियांना कस्तुराच्या घरी घेऊन आले. तरुण बाई, बोलणं मऊ, पण काम पक्कं. त्यांनी दीपमालाचे डोळे बघितले, पाय दाबून बघितले, लघवीचा रंग विचारला आणि कस्तुराला बाजूला घेतलं.

"मावशी, एरवीची कावीळ आणि पोटुशी बाईची कावीळ यात फार फरक आहे. यात लिव्हर एकदम बिघडू शकतं, रक्त गोठेनासं होतं, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. लातूरला नेऊन आजच्या आज रक्त तपासायला हवं. गाडीची सोय मी करते."

"माळ उलटंल बाई," कस्तुरा म्हणाली.

"माळ उलटत नसते, मावशी."

"तुमच्या लेकीच्या डोक्यावर असती तर तुम्ही असं म्हनला असता का?"

धम्मप्रियांनी चिठ्ठीवर आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला. दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. हळूच मला म्हणाली, "मल्लम्मा मावशी, मला जायचंय दवाखान्यात. पर बाळाला काई झालं तर आई जन्मभर म्हनंल, तुझ्या हट्टानं झालं." मी तिची वेणी घालायच्या निमित्ताने तिच्यामागे बसले आणि ती माळ निरखून बघितली. कालपेक्षा सैल झाली होती, कपाळावर आली होती. मला त्यातलं काही कळलं नाही. नुसतीच चिडचिड झाली.

दुकानात परत आले तर वेगळाच गोंधळ. आमचे हे, म्हणजे गुंडप्पा, गल्ल्यामागे डोकं चोळत उभे. आढ्याला टांगलेली घेटुळीची जुडी फासातून निसटून त्यांच्या टकलावर पडली होती.

"कसली गाठ मारतेस गं तू? माणूस मरंल एक दिवस!"

"गाठीला नावं ठेवू नका. परवा ओली बांधली तेव्हा गच्च होती. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, आता दोरा सैल..."

आणि माझी जीभ तिथेच थांबली. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं मी ओल्या जुड्या बांधते आणि वाळल्या की पुन्हा आवळते. काष्ठौषधीच्या दुकानातलं रोजचं काम! आणि तरी त्या माळेपुढे मी खुळ्यासारखी बघत बसले होते.

मी पदर खोचून परत कस्तुराकडे गेले, पोरीच्या केसांना तेल लावते म्हणून बसले आणि या वेळी माळेची गाठ कशी घातलीय ते नीट बघून घेतलं. घरी आले, परसातली ताजी घेटुळी उपटली, तशीच माळ बांधली. पण घालायची कुणाच्या डोक्यावर? हे म्हणाले, "माझ्याकडं बघू नकोस, मला आजच बक्कळ लागलंय." मग कोनाड्यातला लाल भोपळा काढला, गल्ल्यावर ठेवला आणि त्याला माळ घालून वरून पंखा लावला.

शनिवारी दुपारी माळ भोपळ्यावरून घसरून गल्ल्यावर लोळत होती. मी भोपळा काखोटीला मारला, ह्यांना सोबत घेतलं आणि कस्तुराचं दार ठोठावलं.

"बघ! माळ मी बांधली. मंत्र नाही, तंत्र नाही, पार्वती नाही. तरी वाढली की नाही? सांग, भोपळ्याला काय कावीळ झाली होती?"

कस्तुराने भोपळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा भोपळ्याकडे. आणि गंभीरपणे म्हणाली, "अक्का, भोपळा आतनं पिवळाच हाय की."

मी कपाळावर हात मारून घेतला. शिवा शिवा शिवा! मागे ह्यांना हसू आवरेना, ते अंगणात पळाले. दीपमालाही हसली असती, पण तिला उलटी आली. सकाळपासून तिसरी. उलटी करून ती तिथेच आडवी झाली आणि हाक मारली तर नुसतं "हं" म्हणाली. मी भोपळा खाली ठेवून कस्तुराचे हात धरले.

"कस्तुरे, पाया पडते तुझ्या. चल लातूरला."

"नको गं अक्का, नको." कस्तुरा रडायला लागली. "तू शिकलेली हायस, तुझ्यासंगं मला बोलता येत न्हाई. पर बाबा नुसतं बघून सांगतेत, कुनाला कावीळ हाय, कुनाला न्हाई. भोपळ्याचं काय घेऊन बसलीस? माणसाचं बोल. बाबा काय दगडाला माळ घालतेत का?"

"घातली तर?"

"कशाला घालतील!"

"घातली तर, कस्तुरे?"

तिने डोळे पुसले. "दगडाला माळ घातली तर त्याच पावली दीपाला लातूरला नेते. तुझी आण. पर त्यांनी वळखलं तर?"

"ओळखलं तर सगळ्या गावासमोर त्यांच्या पायावर डोकं ठेवीन आणि दुकानातली सगळी घेटुळी त्यांना वाहीन."

"उद्या रविवार. बाबा बसतेत," कस्तुरा म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. येताना तिच्या हातात वरवंटा होता.

बारशाला आपल्याकडे वरवंट्याला कुंची घालतात, काजळाची तीट लावतात, पाळण्यात घालतात आणि मग लेकराला. घराघरातल्या बायकांना ते पाठ असतं. रविवारी सकाळी कस्तुराने पाट्याशेजारी बसून वरवंट्याला अशी काही सवयीने कुंची चढवली, दुपट्यात गुंडाळला, की मीही क्षणभर फसले. वर दुपट्याचं टोक आत खोचत म्हणाली, "गार वारं सुटलंय." मी म्हटलं, "दगड आहे तो, कस्तुरे." तर म्हणते, "असू दे. हाताला सवय हाय."

धम्मप्रिया गाडी घेऊन आल्या. मागच्या सीटवर दीपमालाला आडवं केलं आणि माळाच्या कडेला, बाभळीखाली गाडी उभी केली. शब्द पाळायचा तर त्याच पावली पाळला जावा, हा माझा हिशोब. आणि तसं झालं नसतं तर? तर मी पोरीला उचलून पळवणार होते. मैत्री गेली खड्ड्यात.

रांगेत आमचा नंबर आला. दुपटं माझ्या हातात, कस्तुरा शेजारी हात जोडून. तिचे डोळे बाबांच्या चेहऱ्यावर असे खिळलेले, की आता ओळखतील, आता हसतील, आता म्हणतील 'माय, दगड कामून आणलास?'

"महाराज," मी गळा काढला, "बघा हो काय झालंय. रडत नाही, दूध पीत नाही, डोळा उघडत नाही, हात हलवत नाही!"

यात एक शब्दही खोटा नव्हता. लेकरू आहे असं मी म्हटलंच नाही.

बाबांनी नारळाच्या ताटाकडे बघितलं, त्यात मी काय ठेवलंय ते बघितलं आणि मग दुपट्यावर हात ठेवला. "अरारारा! अंग किती ताठून गेलंय! कावीळ मेंदूला चढून राहिलीय, माय."

"तोंड उघडून दाखवू का?" मी विचारलं.

"नको! वारं लागंल. मी आतल्या डोळ्यानं बघतो. पिवळंधमक पडलंय लेकरू."

शेजारी कस्तुराचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

बाबांनी छोटी माळ काढली, मंत्र पुटपुटले आणि कुंचीवर बसवली. मग म्हणाले, "लेकराचे हात कवळे. आजीच्या हातातनं कावीळ काढतो." त्यांच्या शिष्याने माझ्या हाताला तांबूस तीर्थ चोळलं, मग बाबांनी तांब्यातलं पाणी ओतलं, आणि माझ्या बोटांतून पिवळंजर्द पाणी टपटपायला लागलं. गर्दीतून "आई गं!" असा आवाज उठला. एका बाईने हात जोडले.

"निघाली कावीळ!" बाबा माईकमधून गरजले. "संध्याकाळपतुर लेकरू दूध पिऊन राहील!"

"आणि हसंल का बाबा?" कस्तुराने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"खदखदा हसंल!"

"कसं हसंल?" कस्तुरा ओरडली आणि तिने एका हिसक्यात दुपटं ओढलं, कुंची काढली. "ह्याला तोंड कुठाय?"

ओट्यावर काळाकुळकुळीत वरवंटा. भज्यांच्या कढईचा चर्र आवाज तेवढा ऐकू येत होता.

पण बाबाही काही कालचा खेळाडू नव्हता. तो ताडकन उभा राहिला. "अगं पापिणी! देवाची परीक्षा बघतीस? लेकरूच हुतं ते! तुझ्या पापानं त्याचा दगड झाला!"

आणि खरं सांगते, निम्मी गर्दी दचकून मागे सरली. पुढची म्हातारी "अगं बया, लेकराचा दगड!" म्हणून कानशिलावर बोटं मोडायला लागली. यावर काय म्हणायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

कस्तुराला कॉलेजची गरज नव्हती. तिने वरवंटा उचलला आणि ओट्यावर चढली.

"लेकरू व्हय? आरं मुडद्या, हा माझ्या घरचा वरवंटा हाय! हा टवका दिसतो का? लगीन होऊन आले त्या वरसाला माझ्या हातनं पडला, सासूनं गल्ली गोळा करून शिव्या घातल्या. माझा वरवंटा मला शिकवतो? रातच्याला ह्यानंच लसणाची चटणी वाटली मी. घे वास! घे की! लेकराला लसणाचा वास येतो व्हय रं?"

तिने वरवंटा असा बाबाच्या नाकाखाली नेला, की तो मागे सरकता सरकता नारळाच्या ढिगावर बसला. आधी एक पोरगी फिस्सकन हसली. मग चहावाला. मग सगळा माळ हसायला लागला. हसू आलं की भीती टिकत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं.

कस्तुरा हसली नाही. ती ओट्यावरून उतरली आणि थेट गाडीकडे गेली. मी मागे धावले. दीपमालाच्या गळ्यात आता माळ आली होती. दुकानातली कात्री मी सकाळीच पिशवीत टाकली होती. कस्तुराने ती घेतली, माळेला लावली, आणि तशीच थांबली. इतकं सगळं डोळ्याने बघूनही! आतून कुरतडणारी भीती एका वरवंट्याने जात नाही.

"आई, काप," दीपमाला म्हणाली.

कस्तुराने डोळे मिटले आणि कात्री चालवली. माळ माझ्या अंगावर फेकली. "घे. हिचीच सोडून दाव त्येंना." गाडी निघाली.

मी ओट्यावर परत आले. बाबाचा शिष्य जीप चालू करायच्या खटपटीत होता, पण पुढे टमटमवाल्यांनी मुद्दाम वाट अडवली होती. मी माईक घेतला.

"बायांनो, दादांनो, जवळ या आणि नीट बघा. सुईने ओवलेली फुलांची माळ तेवढीच लांब राहते, हो की नाही? पण ह्या काड्या ओवलेल्या नाहीत. एकेका काडीला दोऱ्याचा सरकता फास घातलाय. काडी ओली असते तेव्हा जाड असते, फास तिला गच्च धरतो आणि बराच दोरा त्या वेढ्यांत अडकून राहतो. काडी वाळली की बारीक होते. फास सैल पडतो, आणि आत अडकलेला दोरा थोडा थोडा बाहेर सरकतो. एका काडीचा केसभर, पण अशा काड्या किती आहेत बघा! तुमच्या हालचालीने, माळेच्या वजनाने माळ ओढली जाते आणि लांब होते. हीच माळ मी भोपळ्याला घातली, तिथेही वाढली."

"भोपळा पिवळा असतो बाई," मागून एक जण.

"माहीत आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की माईक किंचाळला. "उद्या दुकानात या, काळ्या वरवंट्याला घालून दाखवते!"

मग तो तांबूस 'तीर्थाचा' तांब्या उचलला, टमटमवाल्यांनी जीपमधून ओढून आणलेल्या शिष्याची बोटं त्यात बुडवली आणि वरून बाबाच्या दुसऱ्या तांब्यातलं पाणी ओतलं. पिवळंजर्द! "हा आंब्याच्या झाडाच्या सालीचा काढा, वास माझ्या ओळखीचा आहे, आणि हे चुन्याचं पाणी. दोन्ही भेटले की रंग पिवळा होतो. कावीळ ह्या तांब्यात आहे, तुमच्या अंगात असो की नसो. घरी करून बघा, लागतं काय त्याला!" आठ-दहा जणांनी तिथेच आपापले हात पुढे केले. धडधाकट चहावाल्याच्या हातातूनही कावीळ निघाली, तेव्हा तो स्वतःच पोट धरून हसला.

कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. जादूटोणाविरोधी कायदा काही शोभेला केलेला नाही. बाबाला जीपमध्ये घालून नेलं, ती जीप मात्र पोलिसांची होती.

लातूरच्या दवाखान्यात दीपमाला बरेच दिवस राहिली. रक्त गोठण्याची तपासणी खूपच वाईट आली होती. पहिले तीन दिवस कस्तुरा बाहेरच्या बाकावर बसून फक्त दाराकडे बघायची. मी डबा घेऊन जायची, तो तसाच परत आणायची. मग एके सकाळी दीपमालाने स्वतःहून चहा मागितला आणि कस्तुरा माझ्या गळ्यात पडून एवढी रडली, की नर्सबाईंनी आम्हा दोघींना बाहेर काढलं. बाळ थोडं आधी झालं, पण रडत, हातपाय झाडत झालं. मुलगी. नाव अक्षरा.

आता पोर चार महिन्यांची आहे. परवा कस्तुरा तिला घेऊन दुकानात बसली होती. मुखेडकडचा एक माणूस आला, पिशवी सावरत म्हणाला, "बाई, तुमच्याकडं काविळीची माळ मिळती का? माझ्या भावाला हवी हाय."

मी तोंड उघडलंच होतं, पण कस्तुराने हाताने मला गप्प केलं.

"दादा, बसा. भावाला दवाखान्यात दावलंय का?"

"न्हाई अजून. पर आमच्याकडं लई जणांना माळेनं गुण आला."

"येतो की," कस्तुरा म्हणाली. "आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला. धा जणांना कावीळ झाली तर नऊ जणांची आराम करून, नीट खाऊन-पिऊन आपोआप बरी होती. त्येंच्या गळ्यात माळ घाला, नाहीतर सायकलचा टायर घाला, ते बरे हुणारच. मग ते नऊ जण गावभर सांगत फिरतेत, माळेनं गुण आला." तिने अक्षराला खांद्यावर घेतलं. "धावा सांगायला येत न्हाई, दादा. तो मेलेला असतो. माझी दीपा धावी हुती, दवाखान्यात नेली म्हून हाय."

त्या माणसाने पिशवी खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून भावाला म्हणाला, "तयार ऱ्हा. सरकारी दवाखान्यात जायचंय. हाव, आत्ताच."

माझं तुम्हाला सांगणं तेवढंच आहे. झाडपाल्याला नावं ठेवू नका, माझं घर त्याच्यावर चालतं. पण झाडाला देव करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारा. हे कसं होतं? आणि ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत? उत्तर मिळालं नाही, तर चपला शोधा आणि दवाखान्याची वाट धरा.